तेरा अंशांची खोली

१० सप्टेंबर

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा वाजून वाजून थकला. शेवटी म्हटलं, धाकट्या बहिणीही मोठ्या होतात, आता त्यांना रीतसर अर्ज करावा लागणार. हा तो अर्ज समज.

आमची वाइनची कंपनी बंद झाली हे मागे कळवलंच होतं. मालकांच्या मुलाला या धंद्यात गोडी नाही. तळघर रिकामं करताना मालकांनी मला बोलावलं आणि दोनशे चाळीस बाटल्या देऊन टाकल्या. ओलीने त्यांची लेबलं सुटली आहेत, त्यामुळे त्या विकता येत नाहीत. कुठल्या बाटलीत काय आहे ते आता फक्त मला ठाऊक. चौतीस वर्षं ते तळघर सांभाळलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

सध्या त्या माझ्या घराखालच्या तळघरात खोक्यांत पडून आहेत. खोली पाच मीटर लांब, सव्वातीन रुंद. छत जेमतेम सव्वादोन मीटर. खाली उतरायला अकरा पायऱ्या. भिंतींना बाटल्यांची नीट मांडणी करायची आणि मधोमध आठ जणांचं जेवणाचं टेबल ठेवायचं असं मनात आहे. हसू नकोस. कंपनीत मालकांची अशीच खोली होती. पाहुणे जेवायचे आणि मी बाटली घेऊन त्यांच्या मागे उभा. त्या टेबलाशी एकदाही बसलो नाही. तुझी वहिनी गेल्यापासून घरीसुद्धा बसत नाही, ओट्यापाशी उभ्या उभ्या उरकतो. मला जेवायला माणसं हवी आहेत, टिटवे. हे तोंडाने कुणाला सांगितलं नसतं.

वाइनला काय लागतं ते मी सांगतो: तेरा अंश, अंधार, थोडी ओल आणि हादरे नकोत. माणसांना काय लागतं ते बघणं तुझं काम. आठांतली एक खुर्ची तुझी आहे.

बाकी क्षेम. लोभ आहेच असं धरून चालतो.

तुझा
दादा

२६ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. अर्ज मंजूर. फोनचं म्हणशील तर दिवसभर कामाच्या जागी ठोकाठोक चालू असते, कळत नाही. पत्रच बरं. तुझं अक्षरही अजून दृष्ट लागण्यासारखं आहे.

तुझी यादी वाचून वाटलं, दादाने खोली नाही, कोठडी मागवली आहे. तेरा अंश, अंधार आणि ओल! जन्मठेपेचा कैदीसुद्धा तक्रार करेल. अरे, माणसाला जेवायला निदान वीस अंश तरी हवेत. मध्ये काचेची भिंत घालू. पलीकडे बाटल्या गारठू देत, अलीकडे माणसं जेवू देत.

आता माझी पद्धत ऐक. तीस वर्षं लोकांच्या खोल्या आखते आहे, पण बसणारी माणसं कळल्याशिवाय एकही टेबल आखलं नाही. सोबत आठ कागद पाठवते. प्रत्येक पाहुण्यासाठी एक. जेवतो कुठल्या हाताने, गुडघे कसे आहेत, मध्ये उठावं लागतं का, कुठल्या कानाने बरं ऐकू येतं, गप्पिष्ट की घुमा, सगळं भरून पाठव. अंदाजाने लिहू नकोस, घरी जाऊन विचार. तेवढाच तुझा पाय घराबाहेर पडेल.

माझा कागद मात्र बाजूला ठेव. हाताशी तीन कामं आहेत आणि प्रवास आता झेपत नाही. सात जणांचं टेबल सुटसुटीतही होईल.

वेळेवर जेवत जा, आणि बसून.

तुझी
टिटवी

१८ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुझ्या कागदांनी मला दारोदार फिरवलं. गावाला वाटलं असेल, म्हातारा निवडणुकीला उभा राहतोय.

सगळ्यात आधी आमच्या पिंपवाल्याकडे गेलो. कंपनीची लाकडी पिंपं त्याने तीस वर्षं दुरुस्त केली. तो डावखुरा निघाला! मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण आम्ही एकमेकांना जेवताना पाहिलेलं नाही. त्याची बायको म्हणाली की तिला मध्ये उठावं लागत नाही, पण तिला उठायला आवडतं. कंपनीत बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या, त्या लेबलवाल्या बाईंचा उजवा गुडघा वाकत नाही, त्यांना पाय लांब करायला जागा हवी. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना कधीही बोलावणं येऊ शकतं, म्हणून ते जिन्याजवळ. त्यांच्या बायकोच्या कागदावर गप्पिष्ट असं लिहिलं आहे, पण खरं तर त्याला वेगळा शब्द शोधायला हवा. माझ्या मेहुणीने बसण्याच्या सवयीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मान राखून'.

कानाचा प्रश्न वाचून सगळे हसले. मेहुणीने विचारलं की तुमची बहीण जेवणाची खोली बांधते आहे की दवाखाना.

काचेची भिंत नको. मी मोजून पाहिलं, काच घातली की आठ खुर्च्यांच्या चार होतात. माणसं कमी करण्यासाठी का मी हा खटाटोप मांडलाय? तेरा अंशांचा एवढा बाऊ नको. त्याच थंडीत मी चौतीस वर्षं डबा खाल्ला, मला काय झालं?

आठवा कागद कोराच परत पाठवतो आहे. पुढच्या टपालाने भरून यायला हवा. तीन वर्षं झाली तुला पाहून.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा इकडे घेऊन ये.

तुझा
दादा

६ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. नकाशे सोबत आहेत. जागा न बघता काम करते आहे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. चुकलं तर तुझ्या सुताराला सांभाळून घ्यायला सांग.

टेबल गोल ठेवलं आहे. लांबट टेबलाशी टोकाचा माणूस एकटा पडतो. भिंतींवर मांडणीच्या मधल्या मोकळ्या जागेत बुचाच्या पातळ फळ्या लाव, तुझ्याच धंद्यातली वस्तू आहे. टेबलाखाली जाड लोकरी कापड ठोकून घे. दगडी खोलीत आवाज फार घुमतो, काटे-चमचेसुद्धा कानावर आदळतात. दिवे छताला लावू नकोस. चार दिवे डोक्याच्या उंचीवर, प्रत्येकाच्या तोंडावर उजेड पडेल असे. मेणबत्त्या नकोत. तुझ्या बाटल्यांना अंधार हवा तर त्यांच्यापुढे जाड पडदे सोड. गार हवेचं मशीन जिन्याखालच्या कपाटात ढकललं आहे, पण त्याची घरघर येणारच. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

बुचाने भिंती थोड्या उबदार होतील, पण थंडीचं मी पुन्हा सांगते. तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी सांगते.

आठवा कागद कामाच्या ढिगाऱ्यात कुठेतरी गेला. खुर्ची करायचीच असेल तर भिंतीला पाठ लावून एक ठेव, असू दे.

सगळे आले की काय काय झालं ते बारीकसारीक लिही. मला इथे बसून जेवल्यासारखं वाटेल.

तुझी
टिटवी

२१ डिसेंबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. जेवण झालं. झालं म्हणजे उरकलं.

खोली बघून सगळे खूश झाले. पिंपवाल्याने मांडणीच्या लाकडावर हात फिरवला आणि सुताराचं नाव विचारलं. मेहुणी मान राखून बसली. मी पहिली बाटली उघडली, सगळ्यांना वाढली आणि मग खुर्ची ओढून बसलो. टिटवे, बसल्यावर टेबल किती वेगळं दिसतं! समोर सगळ्यांची तोंडं. उभ्या माणसाला नुसते भांग आणि टकलं दिसतात.

सूप येईपर्यंत बरं चाललं होतं. मग डॉक्टरांच्या बायकोने नॅपकिन उघडून खांद्यावर घेतला. ती चक्क गप्प झाली होती. लेबलवाल्या बाईंनी पिशवीतून हातमोजे काढले आणि हातमोजे घालूनच पाव मोडला. डॉक्टर म्हणाले, वाइन दातांना झोंबते, आणि थोड्या वेळाने त्यांना बोलावणं आलं. मला काही फोन वाजलेला ऐकू आला नाही. पिंपवाल्याच्या बायकोला खरंच उठायला आवडतं, ती उठली ती कोट घेऊनच आली. मी कंपनीच्या पहिल्या द्राक्षपिकाच्या गोष्टी सांगत होतो, त्या अर्धवट राहिल्या. पहिल्यांदाच टेबलाशी बसलो होतो आणि तासाभरात उठून लोकांना कोट आणून द्यायला लागलो.

सगळे गेले तेव्हा आठही वाजले नव्हते. सगळे ग्लास विसळले. माझं बोलणं रटाळ असावं. चौतीस वर्षं बाटल्यांशी बोलल्यावर दुसरं काय होणार? तुझी वहिनी माझं बोलणं ऐकून घ्यायची, मला वाटायचं ते सगळ्यांना आवडतं.

मदत मागत नाही, नुसतं कळवतो. तब्येतीला जप.

तुझा
दादा

२ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. अरे देवा, दादा! माणसं कंटाळली नाहीत, गारठली! हातमोजे घालून पाव खाल्ला हे स्वतःच्या हाताने लिहितोस आणि तरी तुला कळत नाही? त्या थंडीत तू मुरला आहेस, लोणच्यासारखा. ते बिचारे काल आलेले.

बोलणं रटाळ वगैरे पुन्हा लिहिलंस तर बघ. तुझ्या पत्रांची मी वाट बघत असते. पुन्हा बोलाव सगळ्यांना, आणि ते यायच्या आधी मशीन चार तास बंद ठेव. बाटल्या मरत नाहीत.

घाईत आहे, म्हणून हे कार्डच. माया उणी समजू नकोस.

टिटवी

२७ जानेवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद. दोनदा बोलावलं. पिंपवाला बायकोला घेऊन मुलाकडे गेला आहे, थंडी सरल्यावर येईल. बाईंना गुडघ्याने अकरा पायऱ्या जमत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, बघू. मेहुणीने तेवढंही सांगितलं नाही. ते आले असते तरी मशीन मी बंद केलं नसतं हे त्यांना ठाऊक नाही, पण तुला खरं सांगतो, माझा हात बटणाकडे जातच नाही. एकदा कंपनीत दोन दिवस वीज नव्हती तेव्हा पाठीवरून बर्फाच्या लाद्या वाहिल्या आहेत मी. तिथलं मशीन बंद पडू न देणं हीच माझी नोकरी होती.

काल दुपारी जेवण खाली घेऊन गेलो. आठ खुर्च्या आणि मी एकटा. म्हटलं, निदान प्रत्येक खुर्ची वापरून तरी बघू. एकेक घास एकेका खुर्चीवर बसून खाल्ला. हे कुणाला सांगू नकोस.

तुझ्या त्या भिंतीला पाठ लावलेल्या खुर्चीवर आलो तेव्हा चमचा हातातच राहिला. बाकी सातही खुर्च्यांचा उजेड तिथून बघण्यासाठी केला आहे. प्रत्येकाचं तोंड, अगदी ओठांपर्यंत, तिथून स्वच्छ दिसेल. मागे भिंत, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. गोल टेबल, म्हणजे कुणी कुणाच्या आड नको. बूच, लोकर, मेणबत्त्यांना बंदी. मी काही शिकलेला नाही, पण आयुष्यभर लेबल नसलेल्या बाटलीत काय आहे ते ओळखत आलो. ही खोली तू अशा कुणासाठी आखली आहेस, ज्याला ऐकू येत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. न उचललेले फोन. कानाचा तो प्रश्न. आणि तुझी वहिनी गेली तेव्हाची गोष्ट. बैठकीच्या खोलीत माणसं भरली होती, डॉक्टरांची बायको तुला वहिनीचे शेवटचे दिवस सांगत होती, आणि तू हसून मान हलवलीस. मी आतून तुला तीन हाका मारल्या, तू वळली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेलीस. ते हसणं मी तीन वर्षं मनात ठेवलं, टिटवे. रागाने ठेवलं. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उरलेली तूही तुटली असतीस.

माझं चुकत असेल तर चुकलं म्हणून लिही. चुकत नसेल तरी लिही.

दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझं चुकलं नाही.

डावा कान सहा वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात थोडं उरलं आहे, शांत खोलीत एका माणसाचं बोलणं कळेल इतकंच. कानात यंत्र आहे. ते सगळेच आवाज मोठे करतं. बोलणं आणि भांडी यांतला फरक त्याला कळत नाही. वहिनीच्या वेळी त्या बाई काय सांगत होत्या ते मला आजही माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मला वाटलं त्या वहिनीचं कौतुक करताहेत, म्हणून हसले. त्यांचं तोंड बघून कळलं की काहीतरी भयंकर झालंय. रात्रभर रडले आणि सकाळी पळाले. तुझ्या हाका ऐकू आल्या असत्या तर धावत आले असते रे.

लहानपणी माझी अखंड बडबड ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही सगळे उशीखाली डोकं घालायचात, त्यावरूनच तर मी टिटवी झाले. आता मीच कुठे तोंड उघडत नाही. चारचौघांत जेवायला गेले तर सगळे हसतात तेव्हा हसते, एक क्षण उशिरा. मग घरी येऊन विचार करत बसते, की कशाला हसले. म्हणून जाणंच सोडलं. पत्रात मात्र मला सगळं ऐकू येतं. हाताशी तीन कामं आहेत हेही खोटं. गेल्या वर्षापासून एकच काम होतं, तुझं. ते आखताना कळलंच नाही की मी स्वतःलाच बसवते आहे.

पण येणार नाही, दादा. तुझ्या मशीनची घरघर मी नकाशात कपाटात ढकलली, कानातून कशी ढकलू? ती चालू असेल तर मला तुझा एक शब्द कळायचा नाही. आणि ओठ वाचावेत तर तुझी ती झुपकेदार मिशी! त्या पडद्याआड तू काय बोलतोस ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. मी चित्रासारखी बसेन, तू ओरडशील, मग थकशील, मग आपण दोघंही सूप बघत बसू. ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा अशीच लिहीत राहीन.

राग गेला असेल तर तेवढं एका ओळीत कळव. बाकी काही मागत नाही.

टिटवी

२४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. राग गेला. ही ती ओळ.

आता बाकीचं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी खाली गेलो आणि मशीनचं बटण बंद केलं. पहिले दोन दिवस दर तासाला थर्मामीटर बघत होतो. चौदा झाले, सोळा झाले, आता एकोणीसवर थांबले आहेत. तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ते धूड काढूनच टाकलं, नाहीतर हाताला मोह झाला असता. खोली इतकी शांत आहे की बोटांनी टेबलावर टिचकी मारली तर ऐकू येते. मला, म्हणजे.

ज्या बाटल्यांना अजून दहा वर्षं लागणार होती, त्या गार तळघर असलेल्या एका माणसाला देऊन टाकल्या. मी सत्तरीचा, मला कुणी दहा वर्षं लिहून दिली आहेत? शंभरेक राहिल्या. या उबेत त्या फार टिकणार नाहीत. उन्हाळा लागायच्या आत प्यायल्या नाहीत तर आंबतील, आणि एकट्याने एवढं पिणं मला शोभणार नाही. डॉक्टर, बाई, मेहुणी यांना अजून बोलावलेलं नाही. आधी आपण दोघं. सहा खुर्च्या वर नेऊन ठेवल्या.

आणि मिशी काढली. बेचाळीस वर्षांची होती. दातांच्या डॉक्टरांनी कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, आपण कोण, दादांकडे पाहुणे आलात का. वरचा ओठ पांढराफटक दिसतो आणि वाऱ्याने गार पडतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेतरी थंडी वाजते आहे.

आरशापुढे उभा राहून बोलायचा सराव करतो आहे. सावकाश, तोंड नीट उघडून. माझं बोलणं मलाच इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तुझ्या वहिनीच्या शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते तुला अजून कुणीच सांगितलेलं नाही. ते मी सांगेन. एकदा नाही कळलं तर पुन्हा सांगेन. तिसऱ्यांदाही सांगेन. मला दुसरं काम काय आहे?

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर हाक मारणार नाही, अगदी तुझ्यासमोर येऊन उभा राहीन. ओळखलं नाहीस तर बिनमिशीचा म्हातारा शोध.

तुझा
दादा